बालदी

कार्डावर निळी बादली.
अनघा तिकोने ते छातीपाशी धरते, "काका, हे काय?"
बाबा बघतात. ओठ आधी रिकामेच हलतात,
नळाला पाणी यायच्या आधी
नुसती हवा येते, तसे.
मग म्हणतात, "बालदी."
"जवळ आलात. पुन्हा एकदा. बा, द, ली."
"बालदी."
ती वहीत काहीतरी करते. फुली असावी.

चाळीस वर्षं नारायण पेठेतल्या छापखान्यात
बाबांनी दुसऱ्यांच्या चुका वाचल्या.
नुसकानचं नुकसान केलं,
मतबलामागचा मतलब शोधला.
दोन अक्षरांनी जागा बदलली असेल
तर त्यांच्यामधून एक नागमोडी रेघ,
एकाच्या डोक्यावरून, दुसऱ्याच्या पायाखालून,
की ती निमूट आपापल्या घरी जात.
एकदा कुठल्याशा खात्याच्या परिपत्रकात
सत्तावीस कारकुनांची बादली झाली होती.
एक काना जास्त. रात्री साडेअकराला सापडला.
हा किस्सा ते जेवताना सांगत,
आणि सत्तावीस जणांना
हातात एकेक बादली देऊन
गडचिरोलीच्या एसटीत बसवत.
आई म्हणे, भात गार होतोय.

अनघा गेल्यावर मी कोश काढला.
पुठ्ठा सुटलेला, समासात बाबांचं पेन्सिलीचं अक्षर.
बादली: पोर्तुगीज, बाल्दे.
ल आधी. द नंतर.
म्हणजे गलबतातून उतरली तेव्हा ती बालदीच होती,
खारट हाताची, दोराला बांधलेली.
घाट चढताना कुठेतरी हिंदकळली असेल,
दोन अक्षरं इकडची तिकडे झाली,
आणि पुण्यात पोचल्यावर
जे होतं ते झालं:
तीच शुद्ध ठरली.

आम्ही चौलकर.
चौलच्या विहिरीवर आजी बालदी म्हणायची,
नारळीच्या बुंध्याशी ती उपडी वाळत असायची.
अकराव्या वर्षी बाबा इथे मामाकडे शिकायला आले.
पहिल्याच सकाळी न्हाणीच्या दारात पंचा लावून
"मामी, बालदी कुठंय?"
मामेभावंडं दुपारपर्यंत हसत होती.
हे मला बाबांनी नाही,
शकूआत्यानं सांगितलं,
आणि सांगताना तीही हसली, अजून.

त्यानंतर बहात्तर वर्षं बादली.
एकदाही पाय घसरला नाही.
दुसऱ्यांच्या ओळींत घुसलेली चौलची, रोह्याची, अक्कलकोटची बोली
लाल शाईनं धुऊन काढली त्यांनी,
आणि शिळ्या भाकरीसारखी स्वतःची
कुठे झाकून ठेवली
कुणाला कळलं नाही.
मग मे महिन्यात एक शीर बंद पडली.

गुरुवारी आमच्याकडे पाणी नसतं.
बुधवारी रात्री घरात जे जे खोल आहे ते भरायचं:
पिंप, घंगाळ, कुकरचं भांडंसुद्धा,
आणि मोरीतल्या तिन्ही,
एक पत्र्याची, बुडाशी डांबर लावलेली,
आईच्या रंगीत प्लास्टिकच्या हौसेलाही ती पुरून उरली.
बाबा खुर्ची टाकून बघत बसतात.
उजवा हात मांडीवर,
दुसऱ्या कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा.

"मुकुद," ते हाक मारतात, "बालदी भरली."

कुमुद मी. त्यांच्या आईचं नाव.
चूक त्यांनाही ऐकू येते.
डाव्या हाताचं बोट हवेत उचलून
दोन अक्षरांमधून ती रेघ काढायला लागतात,
डोक्यावरून जाते,
पायाखालून वळताना मध्येच थांबते.
माझ्याकडे बघतात.
पाणी पत्र्याच्या काठावरून माझ्या पायावर.

"ओ," मी म्हणते,
आणि नळ बंद करते.

अनघाला त्या फुलीचं सांगायचं राहिलंय.
शुक्रवारी येईल ती. पाणीही.